जळगावातून पावसाळी धबधबे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनमध्ये पहिली जोरदार सर पडली की माझा फोन सुरू होतो. शाळेतले मित्र, कॉलनीतली पोरं, पुण्याहून सुट्टीला आलेला भाचा, सगळ्यांचं एकच विचारणं: "धबधबा सुरू झाला का?" कुठला, ते कोणी सांगत नाही. वीस-बावीस पावसाळे दुचाकीवरून अजिंठ्याचे डोंगर आणि सातपुड्याचा पायथा तुडवल्यावर जे कळलं ते एकदाचं लिहून ठेवतो. पुढच्या वर्षी फोन आला की हेच पाठवणार.

खान्देशात धबधबे आहेत तरी का? आम्हाला केळी, कापूस आणि ४५ अंशांचं ऊन एवढंच माहीत.

आहेत की. पण घाटमाथ्यावरच्या धबधब्यांची सवय असेल तर इथलं गणित आधी समजून घ्या. खान्देश म्हणजे तापीचं खोरं. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग, मधे सपाट काळी जमीन. दक्षिणेची रांग आपल्या बाजूने भिंतीसारखी उभी आहे. ती चढून गेलं की पलीकडे उतार नाही, सरळ कन्नड-सिल्लोडचं पठार लागतं. त्या पठाराच्या कडेला पडलेलं पाणी उत्तरेकडे वळतं आणि भिंतीवरून आपल्या खोऱ्यात उडी घेतं. वाघूर अशीच उतरते, चाळीसगावची तितूर आणि डोंगरी याही अशाच.

वरचा पाणलोट मात्र लहान. त्यामुळे पाऊस झाला की तासाभरात धार फुगते आणि उघडीप पडली की चार-पाच दिवसांत दोरीएवढी होते. जळगाव जिल्ह्यात वर्षभरात पडतो सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. महाबळेश्वरला तेवढा जुलैच्या एखाद्या आठवड्यात पडून जातो. आपला धबधबा म्हणजे माहेरवाशीण. आली म्हणेपर्यंत निघाली. म्हणून "जुलैच्या तिसऱ्या शनिवारी जाऊ" असं महिनाभर आधी ठरवून बसणाऱ्यांच्या नशिबी बहुतेकदा ओला कातळच येतो.

मग जायचं तरी कधी?

कॅलेंडर बघू नका, पाऊस बघा. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या शेवटापर्यंत कधीही, पण सलग दोन दिवस चांगला पाऊस झाल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी. प्रत्यक्ष पावसात नको. का नको ते पुढे सांगतो.

आणि पाऊस कुठे झाला ते विचारा. जळगावात रिंग रोडवर गुडघाभर पाणी साचलं याचा अजिंठ्याच्या सप्तकुंड धबधब्याशी काही संबंध नाही. अजिंठ्याच्या रांगेतले धबधबे बघायचे तर कन्नड, सिल्लोड, सोयगावकडे काय झालं ते कळायला हवं. मनुदेवी किंवा पालला जायचं तर यावल-रावेरच्या वरचे पाडे आणि मध्य प्रदेशची हद्द. माझा उपाय साधा आहे: त्या बाजूच्या गावातल्या एखाद्या चहावाल्याचा किंवा रिक्षावाल्याचा नंबर घेऊन ठेवायचा आणि निघण्याआधी सकाळी सहाला विचारायचं. हवामानाच्या अ‍ॅपपेक्षा तो खरं सांगतो.

सकाळी लवकर निघण्याचं कारण म्हणजे आपल्याकडचा मोठा पाऊस बऱ्याचदा दुपारनंतर, ढग दाटून, गडगडाट करत येतो. अकरापर्यंत बघून दोनपर्यंत जंगलाबाहेर, हा माझा नियम.

रविवार टाळता आला तर टाळा. एक रविवार मात्र त्यातल्या त्यात रिकामा मिळतो: नागपंचमीनंतरचा, कानबाई या खान्देशी देवीच्या सणाचा. सगळं खान्देश त्या दिवशी घरी रोटांच्या पुरणात गुंतलेलं असतं. त्या दिवशी हेल्मेट घालून बाहेर पडलात तर घरची मंडळी काय म्हणतील, ते तुमचं तुम्ही बघा.

हतनूर धरणाचे दरवाजे उघडले म्हणजे धबधबे सुरू झाले ना?

नाही. हा घोळ दरवर्षी होतो. "हतनूरचे ४१ पैकी इतके दरवाजे पूर्ण उघडले" ही बातमी आली की लोक गाड्या काढतात. हतनूर तापीवर आहे आणि तिथे पाणी येतं तापी-पूर्णेचं, म्हणजे बऱ्हाणपूरकडचं आणि अकोला-अमरावतीकडचं. तिकडे धो धो पडून इकडे चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या जंगलात ऊन असू शकतं. हतनूरची बातमी तापीकाठच्या गावांसाठी महत्त्वाची, धबधब्यासाठी नाही.

जळगावहून अर्ध्या दिवसात काय होईल?

मनुदेवी. यावल तालुक्यात आडगावच्या वर, सातपुड्याच्या कुशीत मंदिर आहे, जळगावहून चाळीसेक किलोमीटर. अनेक खान्देशी घराण्यांची ही कुलदेवता. गवळी राजाने देवीची स्थापना केल्याची कथा तिथे कोणीही सांगेल. तीन बाजूंनी डोंगर आणि समोरच्या उंच कड्यावरून पडणारी धार. देवळाच्या अंगणातून ती दिसते, म्हणजे ज्यांना जंगलात चालायचं नाही त्यांचंही काम होतं. सहा वाजता निघालात तर जेवायला घरी. नवरात्रात मात्र धबधबा बघायचा म्हणून जाऊ नका. धार शिल्लक असली तरी तुम्हाला दिसतील ती फक्त माणसांची डोकी.

दुसरी जागा पद्मालय. एरंडोलजवळचं. उजव्या आणि डाव्या सोंडेच्या दोन गणपतींचं मंदिर आणि कमळांचा तलाव. तिथून जंगलात भीमकुंड आहे. भीमाने बकासुराला मारलं ते इथेच, असं मानतात. धबधबा म्हणून भीमकुंड छोटं आहे, खोटं कशाला सांगू, पण भर पावसाळ्यात तलाव, गच्च जंगल आणि ते कुंड मिळून सकाळ छान जाते.

अजिंठ्याचा सप्तकुंड नेमका कुठून बघायचा?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून सविस्तर सांगतो.

लेणी जिल्ह्याच्या हिशेबाने छत्रपती संभाजीनगरमध्ये येतात, पण जवळचं शहर आपलंच. जळगावहून नेरी, पहूर करत फर्दापूरपर्यंत साठेक किलोमीटर. सोमवारी लेणी बंद असतात. हे वाक्य मी दोनदा लिहायला तयार आहे, कारण सोमवारी फर्दापूरहून परत आलेले किमान तीन नातेवाईक माझ्या ओळखीचे आहेत. खासगी गाडी लेण्यांपर्यंत जात नाही. टी पॉइंटला लावायची आणि तिथल्या बसने पुढचे चार किलोमीटर जायचं.

वाघूर नदी वरून सात टप्प्यांत उतरते, प्रत्येक टप्प्याला एक कुंड, म्हणून सप्तकुंड. त्यातला शेवटचा मोठा टप्पा लेण्यांच्या ओळीच्या टोकाशी आहे. तिकीट काढून लेणी बघत शेवटपर्यंत चालत गेलात की समोर येतो. बहुतेक लोक सोळा-सतरा नंबरची लेणी पाहून दमतात आणि माघारी फिरतात. अजून थोडं चाला.

दुसरी बाजू वरची, व्ह्यू पॉइंटची. तिथून घोड्याच्या नालेसारखं वळण, त्यात कोरलेली लेणी आणि टोकाला पाणी, असं सगळं एका नजरेत येतं. १८१९ मध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला ही लेणी दिसली. दहाव्या लेण्यात खांबावर त्याने नाव आणि तारीख खरडून ठेवली आहे, २८ एप्रिल. म्हणजे भर उन्हाळा. ज्या माणसाच्या नावावर अजिंठ्याचा शोध लागला, त्याला त्या फेरीत सप्तकुंड कोरडाच दिसला असणार. त्या मानाने आपण नशीबवान.

व्ह्यू पॉइंटवर एकच सांगणं. कठड्यापलीकडे जाऊ नका. जुलै २०२३ मध्ये सेल्फीच्या नादात एक तरुण तिथून खाली कुंडात गेला. दोर टाकून त्याला जिवंत वर काढलं. प्रत्येकाच्या वाट्याला असा दोर येत नाही.

जाता जाता: हीच वाघूर पुढे वाघूर धरणात येते आणि तिथून जळगावच्या नळाला. सप्तकुंडावरून पडणारं पाणी पुढे तुमच्या माठात येतं, हे लहान पोरांना सांगून बघा. मग ती तिथे वेफर्सची पाकिटं टाकत नाहीत, असा माझा अनुभव आहे. मोठ्यांना सांगून मात्र काही उपयोग होत नाही.

लेणी आणि धबधबा एकाच जागी कसे? योगायोग आहे का?

नाही, आणि मला स्वतःला हा प्रश्न फार आवडतो. आपले डोंगर लाव्हाच्या थरांचे. एक थर टणक, त्याखालचा भुसभुशीत, पुन्हा टणक. वरून पडणारं पाणी मधला मऊ थर आधी खातं आणि वरचा टणक कातळ छज्जासारखा पुढे राहतो. कडा उभा राहतो तो असा, आणि नदीने कापलेल्या अशा उभ्या, सलग कड्यातच लेणं खोदता येतं.

दुसरं कारण माणसांचं. बौद्ध भिक्खू वर्षभर फिरत, पण पावसाळ्यात एका जागी मुक्काम करण्याचा नियम होता, वर्षावास म्हणतात तो. तीन महिने राहायचं तर डोक्यावर छत हवं, पाणी हवं आणि भिक्षेसाठी व्यापारी वाटेपासून फार लांब नसावं. अजिंठा, पितळखोरा, जंजाळ्याजवळची घटोत्कच लेणी, सगळी याच रांगेत, पाण्याच्या शेजारी. अजिंठ्याची सुरुवातीची लेणी इसवीसनपूर्व काळातली, नंतरची वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली, पाचव्या शतकातली. म्हणजे पावसाळ्यात या कड्यांना येऊन राहणारे आपण काही पहिले नाही. आपण फक्त ब्लूटूथ स्पीकर घेऊन येणारे पहिले.

पाटणादेवीला काय काय आहे?

वेळ असेल तर माझं मत पाटणादेवीला. चाळीसगावहून अठरा-वीस किलोमीटर, गौताळा औट्रमघाट अभयारण्यात. हे अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झालं आणि २६० चौरस किलोमीटरवर पसरलंय. चंडिकादेवीचं मंदिर, मागे डोंगरांची अर्धगोल भिंत आणि त्या भिंतीवरून पावसाळ्यात ठिकठिकाणी लोंबणाऱ्या धारा. केदारकुंड आणि धवलतीर्थ ही त्यातली दोन नावाजलेली ठिकाणं. दोन्हीकडे जंगलवाटेने चालत जावं लागतं, दगडातून ओढा ओलांडत.

नाक्यावर नोंद करा आणि वाट दाखवायला स्थानिक माणूस घ्या. चार पैसे त्याला मिळतात आणि तुम्ही चुकत नाही. आम्ही एकदा शहाणपणा करून तसेच गेलो आणि दोन तास एकाच ओढ्याभोवती फिरत राहिलो.

येताना रस्त्यालगतचं हेमाडपंती महादेव मंदिर बघा. आणि हेही माहीत असू द्या की पाटण हे गणिताचं गाव आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी इथे मठ उभारला. शके ११२८ मधला त्याचा शिलालेख इथेच सापडला. भिजलेल्या कपड्यांनी भजी खाताना मित्रांना हे सांगितलं की दोन मिनिटं शांतता होते.

त्याच दिवशी पितळखोरा करता येईल?

गाडी असेल तर येईल. कन्नड घाट चढून वरच्या बाजूने जायचं आणि पायऱ्यांनी दरीत उतरायचं. लेणी इसवीसनपूर्व काळातली, समोर धबधबा. उतरलेलं तेवढंच परत चढायचं असतं, हे विसरू नका. पाटण्याहून डोंगर चढून जाणारी वाटही आहे, पण पावसाळ्यात ती सरावाच्या लोकांसाठी.

घाटाबद्दल एक गोष्ट. ३१ ऑगस्ट २०२१ च्या पहाटे या भागात असा पाऊस झाला की घाटात दरड कोसळली आणि खाली तितूर-डोंगरीच्या पुराने चाळीसगावात हाहाकार केला. जोराचा पाऊस सुरू असेल तर घाटात जाऊ नका, गेलाच असाल तर कड्याखाली गाडी थांबवून फोटो काढू नका.

पाल कसं आहे?

रावेर तालुक्यात, सातपुड्यात, जळगावहून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. वाटेत दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. यावल अभयारण्य इथेच, १९६९ पासूनचं. धबधब्यासाठी म्हणून जाल तर निराश व्हाल. हवा, जंगल आणि हिरवाईसाठी जा. लोक सुकी नदीवरच्या गारबर्डी धरणाच्या सांडव्यावर भिजायला जातात. मी जात नाही. सांडव्याचं पाणी बघता बघता वाढतं आणि माणसं पलीकडे अडकतात. असं घडून गेलेलं आहे.

आम्ही धुळ्याचे. सगळं जळगावचंच सांगता?

रागावू नका. तुमच्या तर दारात आहे: लळिंग. शहरापासून दहा किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गाला लागून किल्ला, आणि कुरणात धबधबा. पाऊस झाला की दोन-तीन दिवस जोरात असतो. तिथेच लांडोर बंगला आहे. ३१ जुलै १९३७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर या बंगल्यात थांबले होते आणि दरवर्षी त्या दिवशी हजारो लोक तिथे येतात. धबधब्यासाठी तो दिवस सोडा, बाबासाहेबांसाठी जायचं तर तोच दिवस.

साक्री तालुक्यात आमळीजवळ अलालदरी आहे. दरी खोल, कडे सुटे. वरून बघा, खाली उतरण्याच्या फंदात पडू नका.

आणि नंदुरबारकडे?

तिथला पाऊस वेगळाच. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात हजार मिलिमीटरच्या वर पडतो, त्यामुळे धारा टिकतातही जास्त. तोरणमाळला यशवंत तलाव आणि सीताखाईचा कडा. धुकं असेल तर सीताखाईत फक्त आवाज ऐकू येतो, धबधबा दिसत नाही. पंधरा-वीस मिनिटं बसून राहा, धुकं फाटतं. शहाद्याहून वर जाणारा घाट नागमोडी आहे. जळगावहून हे अंतर दोनशे किलोमीटरच्या घरात जातं, तेव्हा मुक्काम धरून चला.

तळोदा तालुक्यातलं वाल्हेरी आणि धडगाव तालुक्यातलं बिलगाव हीसुद्धा मोठी नावं. बिलगावला उदय नदी अनेक धारांनी पडते. या धबधब्याच्या जोरावर गावकऱ्यांनी २००३ मध्ये श्रमदानातून छोटा वीजप्रकल्प उभा केला होता आणि पाड्यांवर पहिल्यांदा दिवे लागले होते. पुढे नर्मदेच्या फुगवट्यात तो बुडाला. तिथे जाल तेव्हा हे आदिवासींचं गाव आहे, आपलं पिकनिक स्पॉट नाही, एवढं ध्यानात ठेवा. कोणाच्या घराचे, बायाबापड्यांचे न विचारता फोटो काढू नका.

पाणी वाढतंय हे कसं ओळखायचं?

इथे नीट वाचा. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

एका ऑगस्टमध्ये आम्ही तिघं केदारकुंडाच्या खाली ओढ्यातल्या दगडांवर बसलो होतो. स्वच्छ ऊन होतं. पाणी घोट्याच्या वर, इतकं नितळ की तळातली वाळू दिसत होती. पलीकडे एक गुराखी बाबा काठी टेकून उभा होता. तो मधेच पुढे आला, पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "वर पानी पडी ऱ्हायनं, भाऊ. निंघा." आम्ही आकाशाकडे पाहिलं. ढगाचा पुंजकासुद्धा नाही. माझा मित्र हसला. बाबाने काठीने पाण्यावरची सागाची दोन वाळकी पानं दाखवली. मग काड्या आल्या, शेणाच्या रंगाचा फेस आला. आवाज बदलला, सळसळ होती तिथे घुमायला लागलं. आम्ही बॅगा उचलून काठावर चढलो. पाणी आधी चहासारखं झालं, मग मातीसारखं. दहा मिनिटं झाली नसतील. ज्या दगडावर डबा उघडून ठेवला होता तो दगड दिसेना. डबाही नाही. अजून घरी त्या डब्याचा विषय निघतो.

म्हणजे खुणा अशा: नितळ पाणी गढुळणं, पानं आणि काड्या वाहत येणं, फेस, आवाज जड होणं. यातली एकही दिसली तर "थोडं बघू" नाही. पाऊस पठारावर पडतो आणि आपण भिंतीखाली असतो, त्यामुळे आपल्या डोक्यावरच्या आकाशाला काही अर्थ नाही. चढायचं ते बाजूच्या उंचवट्यावर. ओढ्याच्या पात्रातून खालच्या दिशेने पळायचं नाही. पलीकडे अडकलात तर तिथेच थांबा. हा लोंढा जसा येतो तसा दोन-तीन तासांत उतरतोही. लोक बुडतात ते बहुतेकदा अडकून नाही, ओलांडायच्या घाईने.

कुंडात पोहता येतं का?

नाही.

आम्हाला पोहता येतं.

तरी नाही. विहिरीत पोहणं वेगळं. पडत्या पाण्याखाली माणूस वर येत नाही, तळाला कातळात रांजणासारखे खळगे असतात आणि काठ शेवाळाने गुळगुळीत. धारेच्या बरोबर खालीही उभं राहू नका. वरून पाण्याबरोबर दगड येतात. पाटण्याला तर माकडंही ते काम करतात.

दुचाकी, चारचाकी की एसटी?

अजिंठा आणि चाळीसगाव एसटीने सहज. महिलांना अर्धं तिकीट आणि ७५ वर्षांपुढच्यांना मोफत, त्यामुळे आमच्या गल्लीतल्या भिशीच्या बायका आमच्यापेक्षा जास्त वेळा अजिंठ्याला जाऊन आल्या आहेत. चाळीसगावला रेल्वे सगळ्यात बरी. स्टेशनबाहेरून पाटणादेवीसाठी रिक्षा ठरवा आणि परतीचंही त्याच्याशीच बोलून ठेवा, संध्याकाळी तिथून काही मिळत नाही.

दुचाकीवाल्यांनो, डांबर सोडू नका. गुगल मॅप आपल्या भागात शेतरस्त्याला रस्ता म्हणतं. सोयगावकडे एकदा त्याचं ऐकून मी कपाशीच्या शेतातून घातली. शंभर फुटांत काळी माती टायरला चिकटली, मडगार्डात भरली आणि चाक फिरायचं थांबलं. गाडी ढकलता येईना, उचलता येईना. बाभळीची काडी तोडून मडगार्डातली माती उकरत बसलो. दहा पावलं ढकलायची, पुन्हा उकरायची. असं अर्धा किलोमीटर. शेतकरी दादा बांधावरून बघत होते. शेवटी म्हणाले, "मागचा मडगार्ड खोलून घ्या ना." तेवढं सुचायला मला पाऊण तास लागला होता. तेव्हापासून डिक्कीत पान्हे असतात.

बंदी असते का? परवानगी लागते का?

अभयारण्यात नाक्यावर नोंद आणि प्रवेश शुल्क. पाऊस जास्त असला की वनखातं वाट बंद करतं. गर्दीच्या दिवसांत जिल्हाधिकारी धोक्याच्या ठिकाणी मनाई आदेश काढतात. पूर्वी लोक याला १४४ कलम म्हणायचे, आता नव्या संहितेत ते १६३ झालंय. निघण्याच्या आदल्या दिवशी स्थानिक पेपर बघा. नाक्यावर पोहोचल्यावर गार्डशी वाद घालून उपयोग नाही, त्याची नोकरी आहे. बाटली सापडली तर तो सोडणारही नाही, आणि सोडूही नये.

घरून काय न्यायचं, वाटेत काय खायचं?

पोळ्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. परतताना ढाब्यावर शेवभाजी. "भरीत मिळेल का" असं पुण्याचे पाहुणे हमखास विचारतात. मिळेल, पण भरताची खरी वांगी हिवाळ्यातली. पावसाळ्यातलं भरीत खाऊन खान्देशाबद्दल मत बनवू नका. कपडे सुती किंवा पटकन वाळणारे. जीन्स भिजली की दोन किलोची होते. पकड असलेले सँडल, टॉर्च, प्लास्टिकच्या पिशवीत कोरडा जोड आणि मोबाईल. कचरा त्याच पिशवीत परत.

आई-वडील आणि लहान मुलं बरोबर आहेत.

मनुदेवी, अजिंठा, पद्मालय. केदारकुंड, अलालदरी, पितळखोरा नको. मुलांचा हात पाण्याजवळ सोडायचा नाही. कोणाचा तरी एक हात, म्हणजे फोटो काढणाऱ्याचा नाही.

साप चावला किंवा पाय मोडला तर?

मोबाईलला रेंज असेलच असं नाही. जाताना शेवटची रेंज कुठे होती ते लक्षात ठेवा. रुग्णवाहिकेसाठी १०८, बाकी मदतीसाठी ११२. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही विषारी साप आपल्याकडे आहेत. दंश झाला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट आवळून बांधायचं नाही. तो अवयव हलू न देता सरळ सरकारी दवाखाना. मांत्रिकाकडे घालवलेला अर्धा तास परत मिळत नाही.

पावसाळ्यात जमलं नाही. आटल्यावर जाण्यात काही अर्थ आहे का?

मी मुद्दाम जातो, जानेवारी-फेब्रुवारीत. केदारकुंडाला तेव्हा पाणी नसतं. कड्यावर फक्त काळा ओला पट्टा दिसतो, त्याच्या कडेला मधमाश्यांची पोळी. कुंडाच्या तळाशी उतरता येतं. ऑगस्टमध्ये पोरं जिथे वरून उडी मारायची तिथे मी उभा राहिलो आहे. कमरेएवढ्या खोलीवर भाल्यासारखा वर आलेला एक कातळ आहे, त्याच्या बाजूला माणूस बसेल एवढा गोल खळगा, आणि खळग्यात आडवा रुतून बसलेला सागाचा ओंडका. त्या ओंडक्याला एक चप्पल अडकलेली होती. डाव्या पायाची, निळी, आठ नंबरची.